अजून सहा तास भट्टीत

मी चिप बोलतेय, पण जरा हळूच. भीती वाटतेय. खायची चिप नव्हे हं. खोली गरम करायच्या हीटरच्या पोटात असते ना, ती. खोली पुरेशी तापली की हीटर बंद करायचा, एवढंच माझं काम. मी नखाएवढी, पण काम जोखमीचं.

आम्हाला घडवायला तीन-चार महिने लागतात. म्हणून थंडीसाठीचा माल भर उन्हाळ्यातच करून ठेवतात. थंडी किती पडेल, कुणी सांगावं? अंदाजानं घडवायचं आणि वाट बघायची. त्या वर्षी थंडी पडलीच नाही. आम्ही दोन हजार बहिणी हवा काढलेल्या पिशवीत, गोदामातल्या फळीवर पडून राहिलो.

हिशेबाच्या काकांचा नियम असा, की घडवायला लागले तेवढे पैसे किंवा विकून येतील तेवढे, त्यात जे कमी तेच वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी माझी किंमत निम्मी झाली. यंदाही मागणी येईना, तेव्हा काका फळीपाशी येऊन म्हणाले, "यांचं आता शून्य. सोमवारी चुरा करून टाका." अंगात दोष एक नाही, नुसता हंगाम हुकला, म्हणून चुरा! सोमवार किती लांब, ते मी मोजायला लागले.

त्यात काकांनी मोजायला म्हणून पिशवीला कात्री लावली. गोदाम सांभाळणारी ताई धावत आली.

"काका, पिशवीवर आकडा छापलाय की!"

"छापलेल्यावर विश्वास ठेवला असता, तर माझे केस काळेच राहिले असते."

"आणि आत दमट हवा गेली, ती कोण मोजणार?"

दोन दिवसांत पिशवीतल्या कार्डावरचा निळा ठिपका गुलाबी झाला. म्हणजे ओल आमच्या अंगात शिरली होती.

आणि नेमका काल फोन आला. अचानक गारठा पडलाय, हीटरवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत सगळ्या हव्यात! मी हरखले.

काका म्हणाले, "तशाच पाठव. ओल काय दिसते थोडीच?"

"दिसत नाही, त्याचंच भ्या वाटतं. हीटरमध्ये जोडताना चटका बसला की आतल्या ओलीची वाफ होऊन हिचं पोट फुटेल. वरून धडधाकट दिसेल, आणि कुणाच्या घरी हीटर बंदच होणार नाही. तिथं लेकरू निजलेलं असलं तर?"

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"तर करा चुरा. पण चोवीस तास मंद भट्टीत शेकून ओल काढल्याशिवाय माझी सही मिळायची नाही."

आता मी भट्टीत आहे. अठरा तास झाले. गाडी आधीच येऊन उभी आहे, हॉर्नवर हॉर्न वाजतोय. काका दर पाच मिनिटांनी विचारतात, "झालं का ग?" ताई भट्टीच्या दाराला पाठ लावून उभी आहे.

चुरा व्हायची भीती मला होतीच. ती अजून आहे. पण गाडीवाल्या दादा, एवढं ऐक. थांबवत नसेल तर रिकामा जा. माझं काय व्हायचं ते होईल. ओली मात्र मला कुणाच्या घरात नेऊ नकोस.