जळता कंदील

हळद साठवायचं जमिनीखालचं पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. विझला, तर माणूस उतरवायचा नाही. जमिनीच्या पोटातली हवा मुकाट्यानं जीव घेते. माणूस उतरला की वरून साद घालत राहायची, खालून ‘व्हय’ यायला हवा. तो थांबला की दोर ओढायचा.

हरिपुरात त्या दुपारी धुळा उतरला. सादेला मुकादम नाथाजीनं आपल्या लेकीला, अंजनाला बसवलं. अठरावं लागलेलं, वैशाखात धुळाशीच लग्न. ती हाक मारायची नाही, ओवी म्हणायची:

हळदीच्या पेवामंदी दिवा ठेविला जपून
धुळा गं माझा सखा, यावा वरती हसून

खालून ‘व्हय’ यायचा.

धुळाचं हसू ऐकलं की तिच्या हातातली पाटी हलकी व्हायची. पण बहात्तरच्या दुष्काळात मेढ्याहून आलेली मनू शेजारी हळद निवडायला बसली, तेव्हापासून मनूच्या हसण्यानंही तसंच व्हायचं. दोन्ही खरं होतं. एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं. धुळाला कुणकुण लागली होती. खात्री पटली तर मनूला या गावात ठेवणार नाही, असं तो परवाच बोलला होता.

म्हणून अंजना जपून गात होती. मनूनं तांब्या पुढं केला, बोटांना बोटं लागली, आणि ओवी आपोआप वळली:

मनू गं माझी सखी, यावी वरती हसून

“नवरा खाली, आन् नाव मैतरणीचं व्हय गं?” हळद निवडणाऱ्या बायकांतली चंद्राबाई म्हणाली. बायका हसल्या.

‘व्हय’ आला नाही.

अंजनानं पुन्हा साद घातली. काहीच नाही. नाथाजीनं घाईनं आधी धुळाजवळ सोडलेला कंदील ओढला.

तो जळत होता. ज्योत सरळ.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. खाली हवा चांगली होती. म्हणजे धुळा शुद्धीत होता, ऐकत होता, आणि गप्प होता. त्या उजेडाची भीती दोघींनाच कळली.

धुळा वर आला, पापण्यांपर्यंत पिवळा, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. ओ का दिली नाहीस, नाथाजीनं विचारलं.

“ओवी ऐकत हुतो, मामा. लय ग्वाड गाती.” तो मनूकडं बघत होता. “फुडच्या पेवात हिलाच उतरवा. अंजना नाव हिचंच घेतीया न्हवं.”

बायका पुन्हा हसल्या. अंजना उठली. दोर तिनं मुठीत धरला.

“मनू उतरायची न्हाई,” ती म्हणाली. “आन् वैशाखात मी बोहल्यावर चढायची न्हाई.”

कुणी हसलं नाही. नाथाजीनं वाकून कंदिलाची वात खाली केली.