रशियन कागदाची कव्हरं

आमचे मोहनराव आयुष्यभर वायपरवर राहिले. गाडीच्या काचेवरचं पाणी पुसतो ना, तो वायपर. ज्यांना मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, ग्रोसरीचं दुकान हाताला धरून दाखवलं, ती कालची पोरं डायरेक्टर होऊन रिटायर झाली, आणि हे एकतीस वर्षं काच पुसत बसले. याचं सगळं खापर मी फ्रँक नोवाकवर फोडलं होतं.

फ्रँक हा यांचा बॉस. १९८६ साली रशियाशी चढाओढ ऐन रंगात होती आणि यांच्या मोटार कंपनीच्या रणगाड्यांच्या खात्यात मोठी जागा निघाली. ती यांनाच मिळणार असं सगळे म्हणत होते. मिळाली नाही. "फ्रँकने दुसऱ्याला दिली," एवढं बोलून हे जेवायला बसले.

त्या वर्षीच्या दिवाळीपासून मी फ्रँकचा फराळ बंद केला. त्याआधी दरवर्षी त्याला डबा जायचा. चकलीला तो 'काटेरी चाक' म्हणायचा आणि बायकोची नजर चुकवून अर्धा डबा संपवायचा. बंद म्हणजे बंद. यांच्या रिटायरमेंट पार्टीत त्याने हात पुढे केला, तर मी त्यात कागदी प्लेट ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको मार्ज गेली, तेव्हा मी साधं कार्डही पाठवलं नाही. माझा राग लोणच्यासारखा आहे, मुरतो पण नासत नाही.

आता यंदाचं सांगते. आमची नात अंतरा दहावीत आहे. शाळेतून प्रोजेक्ट आलं: अमेरिका आणि रशियाच्या शीतयुद्धाचा तुमच्या घरावर काय परिणाम झाला? ती फोन रेकॉर्डिंगला लावून आजोबांसमोर बसली.

"काही नाही," आजोबा म्हणाले. "आपला काय संबंध?"

"आजोबा, आय नीड टू पेजेस!"

"मग हवामानावर लिही."

ती बिचारी बेसमेंटमध्ये जाऊन यांची जुनी सूटकेस उपसत बसली आणि तासाभराने एक कार्ड घेऊन वर आली. भारत-सोव्हिएत मैत्री मंडळ, सांगली, १९६७. चिटणीस: मोहन. वर डोकंभर केस असलेला यांचा फोटो.

यांनी भर दुपारी तीन वाजता खिडक्यांचे पडदे ओढले.

"अहो, काय झालं?"

"हळू बोल," हे कुजबुजले. "मी फॉर्मवर खोटं लिहिलंय."

मग एकेक बाहेर आलं. मंडळात होते दोघेच, हे आणि बेळगावचा एक मुलगा, म्हणून हे चिटणीस. आणि मंडळात गेले का? तर सभासदाला दर महिन्याला रशियन मासिक फुकट मिळायचं.

"काय कागद होता शोभना! जाड, गुळगुळीत. आम्ही पाच भावंडं. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायला ब्राऊन पेपर आणायचा कुठून? धाकटीच्या भूगोलावर ट्रॅक्टर चालवणारी बाई होती, मॅट्रिकपर्यंत टिकली."

"आणि आतलं वाचलंत?"

"आतल्या पानांचीच तर कव्हरं केली!"

मला हसू आवरेना. त्याच वर्षांत मी मुंबईत रेशनच्या रांगेत उभी राहून अमेरिकेहून आलेला गहू आणि लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणत होते. मिलोची भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा आई म्हणायची, बोलू नका, चावा. म्हणजे एकाने आमची पोटं भरली, दुसऱ्याने आमची पुस्तकं झाकली, आणि दोघांनाही वाटलं, चला, ही माणसं आपल्या बाजूची झाली. आम्हाला विचारलंच कुठे कुणी!

"पण सिटिझनशिपच्या फॉर्मवर विचारलं होतं," हे म्हणाले. "कम्युनिस्टांशी संबंध असलेल्या कुठल्याही संस्थेत होता का? मी लिहिलं, नाही. एकोणऐंशी साली. तेव्हापासून..."

तेव्हापासून काय काय, ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. यांनी कधी लाल गाडी घेतली नाही. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी रशियन सॅलड आणलं की हे दुसऱ्या टेबलावर जायचे. मला वाटायचं, मेयोनेज सोसत नाही. आमच्याकडचा साधा माणूस खोटं बोलत नाही असं नाही. पण एकदा बोलला की शेचाळीस वर्षं त्याला झोप नाही.

"मग कार्ड फाडून का नाही टाकलंत?"

"फोटो चांगला आलाय," हे म्हणाले.

आणि तेवढ्यात माझं हसू थांबलं. "अहो, रणगाड्यांच्या जागेचं काय? तिथे तर चौकशी होत असणार."

हे पडद्याची फट नीट करायला लागले. "फ्रँकने मलाच दिली होती ती जागा. दोनदा घरी बोलावून विनवलं. क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारी सुरक्षा परवान्यासाठी, फॉर्म भरायचा होता, तोच प्रश्न पुन्हा. मी नको म्हणालो."

मला आधी यांचा संताप आला. मग फ्रँकची ती हातात प्लेट धरलेली आकृती आठवली आणि लाजेने जीव अर्धा झाला. एकोणचाळीस दिवाळ्या! ज्याने काही केलं नाही, त्याच्यावर मी एवढी वर्षं दात धरला होता, आणि तो आता ब्याण्णव वर्षांचा होता.

"उद्या नोव्हायच्या वृद्धाश्रमात जायचं, फ्रँककडे," मी म्हणाले. "आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने त्याला खरं सांगायचं."

"तो आर्मीत होता, शोभना!"

"वॉकर घेऊन पकडणार आहे का तुम्हाला?"

दिवाळी चार दिवसांवर होती, फराळ झालाच होता. मी चिवड्याचा डबा पिशवीत घेतला, आणि आणखी एक लहान डबा पर्समध्ये. अंतराही फोन घेऊन आमच्याबरोबर निघाली.

वृद्धाश्रमातल्या त्याच्या खोलीत फ्रँक खुर्चीत बसला होता, पार वाळलेला. मला बघून उठायला लागला. "शोबना! तू आलीस?" एवढंच म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. मग अंतराकडे वळला. "तुझे आजोबा फार मोठे आहेत, बरं का. मी यांना रणगाडे देऊ केले आणि यांनी गांधीजींसाठी नकार दिला. कारण विचारलं तर नुसते जमिनीकडे बघत राहिले. पुढे कित्येक वर्षं नवीन पोरांना मी यांची गोष्ट सांगायचो."

अंतराचा फोन सुरू होता. मोहनराव चक्क ताठ बसले. अहिंसेचं तेज यांच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मी खोकले. हे बाहेरच्या हवेबद्दल बोलायला लागले. मी पुन्हा खोकले.

"फ्रँक," हे शेवटी म्हणाले, "गांधीजींचा काही संबंध नाही." आणि सगळं सांगितलं, कार्ड, कव्हरं, ट्रॅक्टरवाल्या बाईसकट. मध्ये कुठेही थांबले नाहीत.

फ्रँक इतका हसला की नर्स डोकावून गेली. "माझा सख्खा काका प्रागमध्ये पार्टीचा मेंबर होता," तो म्हणाला. "मी फॉर्मवर लिहिलं तसं. तीन आठवड्यांत क्लिअरन्स आला. अरे, तू लपवतोस का, एवढंच त्यांना बघायचं असतं!"

मोहनराव चष्मा काढून काचा पुसायला लागले. मला यांचं फार वाईट वाटलं. मी यांचा हात धरला.

"पण मग डबा का बंद झाला?" फ्रँकने हळूच विचारलं. "मला वाटलं, रणगाडे देऊ करून मी तुमच्या धर्माचा अपमान केला. मार्ज म्हणायची, फोन करून विचार. माझा धीर झाला नाही."

"माझी चूक झाली, फ्रँक," मी म्हणाले. "मला माफ कर. मार्जच्या वेळी तरी मी यायला हवं होतं."

"वेट," अंतरा म्हणाली. "सो एव्हरीबडी वॉज स्केअर्ड अँड नोबडी आस्क्ड? आजी, धिस इज माय होल प्रोजेक्ट!"

फ्रँकने चिवड्याचा डबा उघडला. मूठभर खाल्ला, मग बोटाने तळाशी काहीतरी शोधायला लागला. "ते काटेरी चाक नाही का यात?"

मी पर्समधून लहान डबा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. चकल्या मी घरून आणल्याच होत्या. पण मोहनराव खरं बोलल्याशिवाय डबा बाहेर काढायचा नाही, असं मी ठरवूनच निघाले होते.