डाव्या हाताचं विमान

भंगारवाल्यानं गाडा दाराशी आणून लावला तेव्हा आकाराम शिंगेनं सगळं सामान आधीच ओट्यावर काढून ठेवलं होतं. थर्माकोलची विमानं, त्यांच्या पंखांवर निळी-पिवळी टेप चिकटवलेली. सायकलच्या चाकाच्या तारा, प्लास्टिकचे पंखे, छोट्या मोटारी. आणि सगळ्यांच्या वर लांब अँटेनाचा, दोन दांड्यांचा रेडिओ, ज्याच्यावरून तो ही विमानं आभाळात फिरवायचा.

भंगारवाल्यानं रेडिओ उचलून हातात तोलला. "मोटारी आन ह्यो रिमोट घेतो. थर्माकोल आमी न्हाई घेत."

"ते बी ने की. पुढं कुठंतरी टाकून दे," आकाराम म्हणाला. त्याचा उजवा हात नेहमीप्रमाणे खांद्यावरच्या टॉवेलखाली होता.

तेवढ्यात त्याची बायको यल्लव्वा नळावरून घागर घेऊन आली. ओट्यावरचा पसारा तिनं पाहिला, घागर खाली ठेवली आणि भंगारवाल्याच्या हातातून रेडिओ काढून घेतला.

"ह्यातलं काय द्यायचं न्हाई, पावणं. जावा तुमी."

"त्यास्नी मी बोलवलोय," आकाराम म्हणाला.

"बोलवला असशीला. मी परत धाडतोय."

भंगारवाल्यानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि तो गाडा ढकलत पुढच्या बोळात गेला.

आकारामला नवल वाटलं. या विमानांवर यल्लव्वाचा पहिल्यापासून राग होता. थर्माकोलचे पांढरे दाणे तिच्या पिठात सापडायचे, भातात सापडायचे, केसांत अडकायचे. रविवारी नवरा घरात थांबत नाही म्हणून ती संकेश्वरला माहेरी जाऊन आईजवळ गाऱ्हाणं घालून आली होती. आणि आज तीच रेडिओ पोटाशी धरून उभी होती.

"आता कशाला ठेवतीस?" तो आत आल्यावर म्हणाला. "ज्या हातानं उडवायचं, त्योच न्हाई." त्यानं टॉवेल बाजूला केला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मुळापासून गेली होती. उरली होती ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

यल्लव्वानं हात पाहिला. दवाखान्यातून आल्यापासून पट्टी तीच बदलत होती, तिला त्यात नवीन काही नव्हतं.

"दुसरा हाय की," ती म्हणाली.

*

आकाराम शिरोलीच्या एका लहान कारखान्यात प्रेस मशीनवर होता. पत्रा आत सरकवायचा, पायानं दाबायचं, पत्रा बाहेर काढायचा. दिवसभर मान खाली. एकदा शहरातल्या एका मैदानावर पुण्याच्या कुणीतरी पेट्रोलचं छोटं विमान उडवून दाखवलं. गर्दी पांगल्यावरही आकाराम तिथंच उभा राहिला होता. तसलं विमान आपल्या आवाक्यातलं नाही हे त्याला लगेच कळलं होतं. पण ते इतकं जड कशाला करायचं, हे त्याला कळलं नव्हतं.

राजारामपुरीतल्या इंटरनेट कॅफेत बसून त्यानं आकृत्या शोधल्या. शेजाऱ्याच्या नव्या फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल मागून आणला. भलताच गोंद लावला की थर्माकोल विरघळतो, हे पहिला पंख हातात वितळल्यावर समजलं. मग फेविकॉल, बांबूच्या काड्या, टेप. जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या. रेडिओ आणि शेपटी हलवणाऱ्या चिमुकल्या मोटारी मात्र पुण्याहून जुन्या आणाव्या लागल्या. त्याच्या शेजारी लेथवर काम करणाऱ्या बाळासो चौगुलेच्या घरचा कंदलगावाजवळ माळ होता. दर रविवारी सकाळी वारा उठायच्या आधी दोघं तिथं जायचे. बाळासो विमान फेकायचा, आकाराम उडवायचा. पुढं पुढं तो असा तयार झाला की विमान आभाळात कोलांटी मारून त्याच्या पायाशी येऊन उतरायचं.

मग एका शनिवारी पत्रा आत अडकला आणि काढताना प्रेस खाली आला.

मालकानं दवाखान्याचं सगळं पाहिलं आणि बरं झाल्यावर गेटवर बसायला ये, असा निरोप दिला. आकाराम गेला नाही. तो घरात बसून राहिला. जेवण चमच्यानं, तेही कुणी समोर नसताना. बाळासो भेटायला आला की झोपेचं सोंग घ्यायचा.

*

भंगारवाला येऊन गेल्यावर दोन-तीन दिवस रेडिओ फडताळात पडून होता. मग एका दुपारी आकारामनं तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं मागचे स्क्रू काढू लागला. यल्लव्वा तांदूळ निवडत होती.

"उजव्या दांडीवर वळायचं आन वर-खाली करायचं हाय," बऱ्याच वेळानं तो आपणहून म्हणाला. "डाव्या दांडीवर नुसता मोटरचा येग. ह्ये उलटं केलं तर? नाजूक काम डाव्या हाताला. येग काय, ह्या दोन बोटांनीबी ढकलता यील."

"मग करा की."

"तारा जोडाय कथलाचा डाग द्यायचा तर एका हातात गरम खिळा लागतोय, दुसऱ्या हातात तार."

यल्लव्वानं सूप बाजूला ठेवलं. "तार मी धरतो. कुठं धरू सांगा."

दोन दांड्यांची कामं आतून अदलाबदल करायला त्यांना कितीतरी दुपारी लागल्या. तिची बोटं भाजली. दांडी मधोमध आणणारी बारीक स्प्रिंग तिच्या हातातून उडाली आणि घरभर झाडू मारूनही सापडेना. शेवटी ती तिच्याच लुगड्याच्या निऱ्यांतून निघाली. तेव्हा आकाराम हसला. किती दिवसांनी हसला हे तिनं त्याला सांगितलं नाही.

नव्या पंखासाठी थर्माकोल कापायचा तर तापलेल्या तारेचं धनुकलं दोन्ही टोकांना धरून सारख्या गतीनं ओढावं लागतं. एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. पहिला पंख वाकडा निघाला, कारण ती घाई करत होती. दुसरा वाकडा निघाला, कारण तो करत होता.

"माझ्याकडं बघू नगं, तारंकडं बघ," तो म्हणाला.

"तुमी बी बघा मग तिकडंच."

तिसरा सरळ निघाला.

*

माळावरचा पहिला रविवार वाईट गेला. बाळासोनं विमान फेकलं, ते चढलं, उजवीकडं कललं. आकारामच्या डाव्या अंगठ्याला काय करायचं ते ठाऊक होतं. पण त्याच्या आधी उजवा पंजाच पुढं झाला. जुन्या सवयीनं नसलेल्या अंगठ्यानं विमान सावरायला गेला आणि दांडी पुढं दाबली गेली. मोटर पूर्ण वेगानं सुटली आणि विमान नाक खाली करून जमिनीत घुसलं.

टेप लावून पुन्हा फेकलं, पुन्हा तसंच झालं. पुढचे रविवारही असेच गेले.

"आक्या, मी उडवतो, तू नुसता शेजारी हुबा राहून सांग," एकदा बाळासो न राहवून म्हणाला. "मजा तीच की."

"तीच न्हाई," आकाराम म्हणाला आणि तुकडे गोळा करू लागला.

बाळासोनंही खाली बसून दोन तुकडे उचलले. मग म्हणाला, "तुला सांगायचं हुतं. चुलत्यानं ह्यो माळ प्लॉट पाडायला दिला. पाडव्यानंतर रस्तं आखणार. मग तारा, खांब. हितं काय उडवाय यायचं न्हाई."

आकारामनं तुटका पंख पिशवीत घातला. "पाडव्याला येळ हाय अजून."

घरी आल्यावर त्यानं यल्लव्वाला सगळं सांगितलं. अंगठा चुकत नाही, डोकं चुकतं, असं तो म्हणाला. विमान आपल्यापासून लांब जात असलं की डावं ते डावं. पण ते वळून आपल्याकडं यायला लागलं की सगळं उलटं होतं. विमानाचं डावं म्हणजे आपलं उजवं. पूर्वी हे विचार न करता व्हायचं. आता विचार करेपर्यंत विमान खाली येतं.

यल्लव्वानं कोपऱ्यातलं मोडकं विमान उचललं आणि ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, विमानाचं नाक त्याच्याकडं करून.

"मी इमान हालवतो. तुमी दांडी हालवा. चुकला की मी सांगतो."

"तुला काय कळणार चुकलो ते?"

"शिकवा की."

त्यानं शिकवलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, चुलीवर भात शिजत असताना, यल्लव्वा एका खोलीच्या त्या घरात विमान हातात धरून फिरायची. ते कधी बाबासाहेबांच्या तसबिरीखालून जायचं, कधी दोरीवरच्या कपड्यांच्या वरून. ती ते एका अंगावर कलवायची आणि तो डाव्या अंगठ्यानं सरळ करायचा. वळून परत येताना ती मोठ्यानं म्हणायची, "आता माझ्याकडनं तुमच्याकडं यायलंय." सुरुवातीला तो हटकून चुकायचा. ती विमान खाली ठेवायची, म्हणायची, "पडलं," आणि पुन्हा उचलायची. शेजारच्या तानाबाईनं दारातून हे पाहिलं आणि गल्लीत सांगितलं की आकारामच्या बायकोला लागीर झालंय. यल्लव्वानं दार लावून घेतलं, एवढंच.

कधी तो वैतागायचा. "साकु," म्हणायचा, तिच्याच कानडीत, म्हणजे पुरे.

"अजून एक डाव," ती म्हणायची.

हळूहळू उजवा पंजा पुढं धावायचा थांबला. त्याच दिवसांत आकाराम डाव्या हातानं सही गिरवू लागला. आणि एका सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेला. गेटवर नाही, आत मालकाच्या टेबलासमोर.

"गेटवर न्हाई बसणार, साहेब. माल तपासायच्या टेबलावर घ्या. एका हाताचं काम हाय. म्हैनाभर बघा, न्हाई जमलं तर मीच जातो."

मालकानं मान डोलावली. संध्याकाळी घरी येऊन हे सांगताना आकारामनं टॉवेल खांद्यावरून काढून दोरीवर टाकला होता.

*

पाडव्याच्या आधीच्या रविवारी यल्लव्वाही आकारामबरोबर निघाली. दोघं माळावर पोचले तेव्हा आखणी सुरूही झाली होती. चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या होत्या, कोपऱ्यांत खुंट्या ठोकलेल्या. बाळासोला त्या दिवशी ऊस तोडणीची टोळी आल्यामुळं यायला जमलं नव्हतं. विमान फेकायला दुसरं कुणी नव्हतं.

"मला यील?" यल्लव्वानं विचारलं.

"वर फेकायचं न्हाई. सरळ ढकलायचं. चार पावलं पळायचं आन सोडायचं. दगड मारल्यागत न्हाई."

तिनं पदर खोचला, चपला काढून ठेवल्या. पलीकडच्या भुईमुगात भांगलणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. ती चार पावलं पळाली आणि तिनं विमान सोडलं.

ते आधी खाली बसलं, गवताला लागतंय असं वाटलं. आकारामनं दोन बोटांनी वेग वाढवला, डाव्या अंगठ्यानं नाक हळूच वर घेतलं. विमान चढलं. खुंट्यांच्या वरून, बांधावरच्या बाभळीवरून, पुढं उसाच्या हिरव्या पट्ट्यावर गेलं. त्याच्या पंखावर सकाळचं ऊन पडलं होतं. मोटरचा आवाज बारीक होत गेला.

आता वळवायचं होतं. त्यानं वळवलं. विमान कलंडलं, वळण पुरं झालं आणि नाक त्यांच्याकडं आलं. वरचा वारा लागला तसा त्याचा एक पंख खाली जाऊ लागला. आकारामचा उजवा खांदा ताठला.

"तुमच्याकडं यायलंय," यल्लव्वा शेजारून हळू आवाजात म्हणाली.

अंगठा हलला. पंख सरळ झाला. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं, इतक्या खालून की दोघांनाही टेपच्या चुण्या दिसल्या.

त्यानं कोलांटी मारली नाही. त्याच्या मनात आलं, पण त्यानं मारली नाही. तो विमान नुसतं गोल फिरवत राहिला, मोठ्या, सावकाश फेऱ्यांत. यल्लव्वा मान वर करून बघत होती. इतक्या वर्षांत ती विमान उडताना पहिल्यांदाच बघत होती.

"किती वर जातंय हो ते?"

"दिसतंय तवर."

बॅटरी उतरल्याचं आवाजावरून कळल्यावर त्यानं वेग कमी केला आणि विमान खाली आणलं. पूर्वीसारखं पायाशी नाही उतरलं. लांब माळाच्या मधोमध गवतात घसरत गेलं, एकदा उलटलं आणि थांबलं.

भुईमुगातल्या बायका क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग एकीनं काहीतरी म्हटलं आणि त्या पुन्हा खाली वाकल्या.

"थांबा, मी आणतो," यल्लव्वा म्हणाली आणि चपला शोधू लागली.

"नगं. बस तू."

रेडिओ तिच्याजवळ देऊन आकाराम निघाला. चुन्याच्या रेघा ओलांडत, अजून न बांधलेल्या घरांच्या अंगणांतून तो सरळ चालत गेला. विमानाजवळ पोचल्यावर खाली बसला, डाव्या हातानं ते उचललं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी पंखावरची माती पुसू लागला.