सतरावा रकाना

तिचा अर्ज मंजूर झाला, सतरावा रकाना सोडून. हे एकदाचं सांगून टाकलं, आता विसरून जायचं. कारण त्या मंगळवारी सकाळी पावणेदहाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तिला तर मुळीच नाही. ती जमिनीवर पालथी पडून अकरा पुरुषांच्या पँटी पलंगाखाली ढकलत होती.

पँटी गिऱ्हाइकांच्या होत्या. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची लांबी कमी करायची, कुणाची चेन बदलायची. हे काम ती घरातच करायची, खिडकीखालच्या मशीनवर. एरवी त्या दोरीवर ओळीनं लटकत आणि खोलीत कमरेखालची एखादी सभा भरल्यासारखी वाटे. पण आज तपासणी होती. कार्यालयाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, 'मंगळवारी सकाळी दहा वाजता पूर्वसूचना न देता भेट दिली जाईल.'

त्याखाली अट होती. एकल पालक साहाय्य हवं असेल, तर अर्जदाराच्या घरात कुणी प्रौढ पुरुष राहत नसावा. नवऱ्याला वेगळं होऊन चार महिने झाले होते. साहाय्य मिळालं तर खोलीचं भाडं भागणार होतं, नाही मिळालं तर खोली सोडावी लागणार होती. आणि खोली नसेल तर 'बटण माझ्या आईकडे राहील', असं नवऱ्यानं फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं. लग्नाच्या आठ वर्षांत तो इतकं गोड कधी बोलला नव्हता. तिला त्या गोडव्याचीच धास्ती होती.

बटण म्हणजे तिची सात वर्षांची मुलगी. शाळा दुपारची, म्हणून ती आत्ता मशीनशेजारी बसून दोऱ्यांची रिळं रंगानुसार लावत होती.

"बटण, पुन्हा एकदा. बाबा कुठे राहतात?" पलंगाखालून आवाज आला.

"दुसरीकडे."

"इथे येतात?"

"रविवारी. दारापर्यंत."

"शाब्बास. आणि त्यांचं इथे काय काय आहे?"

"माझं नाक. आजी म्हणते."

"नाकाचं नको सांगूस."

दहाला पाच कमी असताना घंटा वाजली. तिची बाही नेमकी एका पँटच्या हुकात अडकली होती. ती हात सोडवेपर्यंत बटण धावत दारापाशी गेली, फटीला तोंड लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा झोपलेत! नंतर या!"

यात बटणची काही चूक नव्हती. नवरा गेल्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी कुणीतरी बाहेरून दार हलवून पाहिलं होतं. बोललं काही नाही. थोडा वेळ उभं राहिलं आणि गेलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, दाराबाहेर पुरुषाचे बूट ठेव. आणि पोरीला शिकव, कुणी आलं की म्हणायचं, बाबा झोपलेत." नवऱ्याचे जुने काळे बूट कपाटाच्या तळाशी होते. ते तिनं पुसून बाहेर ठेवले. त्यानंतर दार हललं नाही. फक्त नव्यानं राहायला आलेल्या लोकांत अशी समजूत पसरली, की या घरातला माणूस फारच झोपतो.

म्हणजे बटणला दोन धडे दिले होते, एक रस्त्यासाठी आणि एक कार्यालयासाठी. कुठला कधी म्हणायचा, एवढंच सांगायचं राहिलं होतं. आणि बूट अजून बाहेरच होते. हे आठवलं तेव्हा तिचा हात कडीवर होता.

दारात पन्नाशीच्या एक निरीक्षक बाई उभ्या होत्या. जिने चढून दम लागलेला, फाईल छातीशी धरलेली.

"झोपू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "कुठे झोपलेत, तेवढं दाखवा."

"कुणी नाही, मॅडम. ती आपलं उगीच म्हणते."

"लहान मुलं खोटं बोलत नाहीत, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात."

"ही बोलते, मॅडम. मीच शिकवलंय."

बोलून झाल्यावर तिला कळलं, की हे वाक्य अर्जाच्या दृष्टीनं बरं नव्हतं.

बाईंनी मोरी पाहिली, कपाट पाहिलं. मग वाकून पलंगाखाली पाहिलं आणि एक पाय ओढला. त्यामागून दुसरा आला. मग येतच राहिले.

"किती जण आहेत?"

"अकरा," ती म्हणाली, आणि घाईनं पुढे म्हणाली, "गिऱ्हाइकांच्या आहेत, मॅडम. चिठ्ठ्या टाचल्यात बघा."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि हजेरी घ्यावी तशा चिठ्ठ्या वाचल्या. "बँकवाले, दोन बोटं सैल. वकील, चेन. नवरदेव, घाई. जाडे मामा, आणखी सैल." त्या थांबल्या. "हे मामा तुमचे?"

"कुणाचे ते माहीत नाही. माझ्याकडे त्यांची फक्त कंबर येते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं, पान उलटलं आणि विचारलं, "बाहेरचे बूट कुणाचे?"

गिऱ्हाइकाचे म्हणावं, तर बूट कुणी अल्टरला देत नाही. तिनं गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळली.

"नवऱ्याचे," ती म्हणाली. "पण तो त्यांत नसतो."

मग तिनं दार हलल्याचं सांगितलं. आवाज मध्येच इतका बारीक झाला, की बटणनं रिळं लावायची थांबवली. टेप आवळून बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

बाई बाहेर गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि उजव्या बुटात बोट फिरवलं. बोटाला धूळ आली. त्यांनी ती नीट पाहिली आणि उभ्या उभ्या लिहायला लागल्या. पेन थांबलं, काहीतरी खोडलं, पुन्हा चाललं. तिला अक्षरं दिसत नव्हती, नुसती खरखर ऐकू येत होती.

लिहून झाल्यावर बाई पुन्हा वाकल्या. त्यांनी डावा बूट तिरका केला आणि उजवा कलंडवून भिंतीला टेकवला.

"असे जोडीनं नीट ठेवू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दमून आलेला माणूस असे काढतो का बूट? रोज थोडे हलवायचे. अधूनमधून तळ ओले करायचे. एकाच जागी धूळ खात राहिले, की बघणाऱ्याला कळतं."

"मॅडम, तुम्हाला कसं..."

"आमच्याकडे दहा नंबरचे आहेत. सोळा वर्षं झाली. आता तिसरा जोड. दुकानदार दरवेळी विचारतो, साहेबांना आवडले ना?"

त्यांनी फाईल मिटली आणि त्यांचा आवाज पुन्हा कार्यालयात गेला. "अहवाल वर जाईल. निर्णय माझ्या हातात नसतो. हा कागद ठेवा, यातला सतरावा रकाना तुम्ही भरायचा, 'अन्य विनंती'. रिकामा सोडू नका, फाईल परत येते. आज पाचपर्यंत खिडकीवर द्या."

जिन्यावरची पावलं खाली विरेपर्यंत ती दारातच उभी राहिली. मग दार लावलं, कडी घातली आणि कडी लागलीय का ते ओढून पाहिलं.

"आई," बटण म्हणाली, "मग बाबा झोपलेत की नाही?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळी सहापर्यंत नाही."

"आणि मग?"

"मग झोपलेत."

बटणला हे पटलं. ती रिळांकडे वळली. आईनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, बोटांचा खडू पुसला आणि शाळेत काढायची तसं वळणदार अक्षर काढून सतराव्या रकान्यात लिहिलं,

'अर्जदाराच्या दाराबाहेरील काळे बूट, जोडी एक, नऊ नंबर, हे संध्याकाळी सहा ते सकाळी दहा या वेळेत कुटुंबातील प्रौढ पुरुष म्हणून धरण्यात यावेत व कार्यालयीन वेळेत तसे धरण्यात येऊ नयेत, ही नम्र विनंती.'