थुंकीच्या सहा नळ्या

भाताची रोपं लावताना, रोवण्याच्या बांधीत, गाण्याची पहिली ओळ सुगंधाबाईनं उचलायची आणि बाकीच्या बायांनी झेलायची, अशी रीत होती. पण मागच्या रोवण्याला तिचा नवरा वारलू बांधाच्या धुऱ्यावरून सगळ्यांदेखत बोलला, "हिले रोपाच्या दोन पेंड्या जास्त द्या वो, चोरून खाल्लेला भात तरी जिरंल!"

बाया हसल्या. सुगंधाची ओळ गळ्यातच बुडाली. तेव्हापासून ती गायली नाही.

चोरून ती एक शीतही खात नव्हती. रात्रीचं जेवण सोडून वर्ष झालं, तरी अंग वाढतच होतं.

पुढं ब्रह्मपुरीहून डॉक्टर दिव्यानी मॅडम लठ्ठपणाचा अभ्यास करायला गावात आल्या. त्यांनी रक्त घेतलं, सहा नळ्या दिल्या. "तीन दिवस, सकाळी डोळे उघडताच आणि संध्याकाळी, थुंकी यात धरायची. त्याआधी खायचं नाही, प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत. शरीर किती ताणात आहे ते त्यातून कळतं."

"मंग मी चोरून खात नाई, हे कागदावर येईन का जी?"

"खाण्यापलीकडचं काही असेल, तर दिसेल बाई."

सुगंधानं तीन दिवस नळ्या भरल्या, देवाजवळ ठेवून जपल्या.

महिन्यानं मॅडम परत आल्या. वारलू दारातच उभा होता. मॅडम सुगंधाला म्हणाल्या, "बाई, चरबीतही सूज असते. राखेखालच्या विस्तवासारखी, वरून दिसत नाही. तुमच्या रक्तात ती खूप आहे. तिच्यानं ताणाचं संप्रेरक बिघडू शकतं, मग भूक, झोप, वजन काहीच हातात राहत नाही."

सुगंधा वारलूकडं वळली. "आयकता ना, बुवा?"

"पण थुंकीतलं ते संप्रेरक मोजताच आलं नाही," मॅडम म्हणाल्या. " सकाळच्या तिन्ही नळ्यांत रक्त उतरलं होतं, आणि नुसत्या संध्याकाळच्या पुरत नाहीत. दात घासले होते का?"

"नाई जी. नुसता गुडाखू लावला."

तीस वर्षं उठल्याबरोबर बोट त्या डबीत जायचं. तंबाखूचा तो काळा लगदा हिरड्या सोलत फिरल्याशिवाय दिवसच उजाडत नसे. ते तिच्या लेखी खाणं नव्हतं, घासणंही नव्हतं.

"अजून नळ्या द्या जी."

"अभ्यास संपला, बाई."

"म्हंजे चोरीच्या भाताचं काई निघालंच नाई," म्हणत वारलू बैलांकडं गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुगंधाचं बोट डबीपाशी गेलं आणि थबकलं. ती तशीच उंबऱ्यात बसून राहिली, तोंड मिटून. तोंडात कोरी थुंकी साचत होती, आणि ती धरायला नळी नव्हती.