जनाबियातला हाका

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीतलं हरीण खरं आहे. बाकी कुठं शंका आली तर ती खिजरच्या नावावर टाका. तोही माझ्याच गावचा, खेडजवळचा, आणि थापा मारण्यात माझा चेला.

दर शुक्रवारी नमाज आटोपला की आम्ही इथं बहरीनला, गुदैबियात, लीलाबाईंच्या खाणावळीत बसतो. तिथं पंख्याखालची खुर्ची माझी. त्या खुर्चीत बसेल त्यानं पहिली गोष्ट सांगायची आणि चहा येईपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, असा रिवाज आहे. तो मीच पाडला, तो भाग वेगळा. या देशात माझ्याकडं ना बंगला, ना गाडी. मान आहे तो त्या खुर्चीचा.

त्या शुक्रवारी सुजीत आला तो मोबाइलमध्ये डोकं घालून. सुजीत लीलाबाईंचा भाचा, महाडचा, एसी दुरुस्तीत उस्ताद, दोन पोरांचा बाप. तरी भर रस्त्यात उभा राहून हवेत बोट फिरवत होता.

"काय रे, माशी मारतोस?" खिजरनं विचारलं.

"शिकार करतोय, चाचा. मोबाइलमधून रस्त्यावर जनावरं दिसतात. बोटानं चेंडू मारायचा, की जनावर आत. अख्खं शहर याच्याच मागं लागलंय."

खिजर एवढा हसला की त्याच्या बशीतला चहा माझ्या सदऱ्यावर आला. "जैनू, बघ! आपण ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करून बसलो, आणि हे पोर लायसन्सशिवाय शिकार करतंय."

"कायदा कुठला लागतो रे याला?" मी विचारलं. "गावाला सशाचं नाव कायद्याच्या पुस्तकात आहे. माझं रेशनकार्डावरूनही उडालंय. उद्या मी आणि ससा एकाच खड्ड्यात पडलो, तर सरकार आधी सशाला काढील."

"इथंही शिकार मनाच आहे," खिजर म्हणाला. "हल्ली मी कबुतराकडं बघायचं झालं तरी चष्मा काढून बघतो. उगाच नेम धरला म्हणायला नको."

हशा पिकला. सुजीत मात्र चिडला. "हसा! तुम्ही वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवरून शिकारीच्या बाता ठोकता. हा एक निळा प्राणी आहे, तीन शिंगांचा. फार दुर्मीळ. आज संध्याकाळी जनाबियात निघणार आहे. पकडून दाखवा. नाही जमलं तर खुर्ची माझी."

"आणि तू तिथून कसल्या गोष्टी सांगणार?"

"एसीच्या कॉम्प्रेसरच्या."

लीलाबाईंनी पोळी तव्यावर तशीच सोडली. "भाईजान," त्या कळवळून म्हणाल्या, "काहीही करा, पण हरू नका."

सुजीतनं माझ्या मोबाइलमध्ये तो खेळ घालून दिला. त्या प्राण्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला शिंगाळ्या म्हटलं. ऊन उतरल्यावर आम्ही जनाबियात पोचलो. एका बाजूला व्हिलांच्या उंच भिंती, दुसऱ्या बाजूला झुडपांनी भरलेला रिकामा प्लॉट. मी वारा तोंडावर घेतला, खजुराच्या आडोशाला गेलो आणि उभा राहिलो.

"चाचा, पुढं चला," सुजीत म्हणाला. "त्याच्याकडं चालत जावं लागतं."

"ज्याच्याकडं शिकाऱ्यानं चालत जायचं ते जनावर नव्हे, सरकारी ऑफिस. आमच्याकडं शिकारी जागा सोडत नाही. हाकारे डबे बडवतात, रान उठवतात आणि जनावर त्याच्यासमोर आणून सोडतात. हा घे डबा."

येताना लीलाबाईंच्या तुपाचे दोन रिकामे डबे मी उचलले होते. एक खिजरकडं दिला.

"अहो, ते मोबाइलमध्ये आहे! त्याला आवाज कसा ऐकू जाईल?"

"तुला ऐकू येतो ना? मग त्यालाही येईल. यल्ला!"

खिजरला काही सांगावं लागलं नाही. त्यानं प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला जाऊन असा हाका उठवला की भिंतींवरची मांजरं सौदीच्या पुलाकडं पळत सुटली. "होऽऽ हो हो! उठला रेऽऽ!" लाजत लाजत सुजीतनंही डब्यावर थाप मारली. मग दुसरी. तिसऱ्या थापेला त्याच्या आज्याच्या आज्यानं अंगात प्रवेश केला असावा. पठ्ठ्या नाचायलाच लागला.

आणि झुडूप हाललं.

शिंगाळ्या नव्हे. हरीण! सोनेरी पाठ, पांढरं पोट, काळीभोर शिंगं. इथं त्याला रीम म्हणतात. एका उडीत कुंपण, दुसऱ्या उडीत कचऱ्याचा डबा, आणि तिसऱ्या उडीला थेट माझ्यापुढं. थांबलं. त्याच्या डोळ्यात मला माझ्या मिशीचा एकेक केस दिसला.

"जैनू, बार टाऽऽक!" तिकडून खिजर ओरडला. कायदा, वय, देश, सगळं विसरला गडी.

माझा हात आपोआप वर गेला. हातात मोबाइल होता. त्यात बघतो, तर शिंगाळ्या हरणाच्या पाठीवर स्वार! दोघेही एकाच हाक्यात उठले होते. मी श्वास धरला, बोट सरकवलं. शिंगाळ्या आत. हरणाचा केसही हलला नाही. उलट ते पुढं आलं आणि तुपाचा वास लागलेली माझी बाही चाटू लागलं.

एवढ्यात समोरच्या व्हिलातून सुहा नावाची बाई धापा टाकत आली. हरीण तिचं, परवान्याचं. सकाळपासून बागेतून सुटलेलं. माणसं जाळी घेऊन फिरली, सापडलं नव्हतं.

"खलास, खलास," म्हणजे झालं, झालं, असं म्हणत तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला. "कोणी थांबवलं?"

खिजरनं छाती फुगवून माझ्याकडं बोट केलं. "हा! मोठा सय्याद!"

शिकारी म्हटल्याबरोबर बाईचा चेहरा उतरला. मी घाईनं मोबाइल पुढं केला. पडद्यावर शिंगाळ्या डोळे मिचकावत होता. मग ती अशी हसली की हरीणसुद्धा वळून बघायला लागलं.

परत आल्यावर सुजीतनं कुरकुर केली. "आत्या, खेळात हाका नसतो."

"पकडला का?" लीलाबाईंनी विचारलं.

"पकडला."

"मग खुर्ची भाईजानची." त्यांनी मोठा निःश्वास सोडला. "पण हाकाऱ्यांचा वाटा? आमच्या महाडकडं शिकाऱ्यानं हात धुण्याआधी हाकाऱ्यांचा वाटा निघतो."

आमच्याकडंही तसंच. वाटा नाकारला तर पुन्हा कोणी डब्याला हात लावत नाही. आता शिंगाळ्या मोबाइलमधून काढून कापायचा कसा? शेवटी गोष्टच वाटली. तेव्हापासून दर शुक्रवारी मी पंख्याखालून सुरुवात करतो आणि डबे आले की गप्प बसतो. तो भाग सुजीतचा. त्याच्या तोंडी तुपाच्या डब्याचा आता नगारा झालाय. झुडूप हाललं की खिजर सुरू होतो. त्याचं हरीण मागच्या शुक्रवारी गव्याएवढं होतं. मी टोकत नाही. वाटा दिला तो दिला.

पण ते हरीण येऊन थांबतं, तिथं दोघेही बोलायचे थांबतात. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतात. लीलाबाई गॅस बारीक करतात. मी आधी मिशीवरून हात फिरवतो, मग सावकाश उजवा हात वर करतो.