बाहेरून कडी

मुलांच्या वॉर्डात सिस्टरची एकवीस वर्षं गेली होती. मुलांच्या मनाचे आजार शिकवायला परिचारिका आणि समाजसेविकांना शेजारी बसवायचं, हे नवं खूळ तिला मुळीच पटलं नव्हतं. औषधं आम्ही द्यायची, घरोघरी जाऊन गप्पा यांनी मारायच्या, त्यात एकत्र काय शिकायचं, असं ती सकाळीच बोलून मोकळी झाली होती. शेजारची समाजसेविका तिच्या लेकीच्या वयाची. ती नुसती हसली.

"दोघींनी मिळून एक मूल निवडा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आपापली नोंद एकमेकींना वाचून दाखवा."

दोघींनी सात नंबरच्या खाटेवरची मुलगी निवडली. वय नऊ. चावते, केस उपटते, आठ दिवसांत तोंडातून अवाक्षर नाही. आज घरी जाणार होती. सिस्टरने वाचलं, "दोन्ही मनगटांवर वळ. मुलीने स्वतःच ओरबाडल्याच्या खुणा."

समाजसेविकेने आपला कागद उलटला. "मुलीच्या घरी भेट. मागच्या खोलीला कडी बाहेरून. खिडकीच्या गजाला जुन्या चादरीची पट्टी बांधलेली. आई म्हणाली, वाळत घातलीय."

सिस्टरने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. हे दोन कागद आठवडाभर एकाच कपाटात होते, एक वरच्या खणात, एक खालच्या.

"बाराला नेणार आहेत तिला," सिस्टर म्हणाली. बाराला दहा मिनिटं होती.

वॉर्डात बाप पिशवी घेऊन तयार होता. आई मुलीच्या पायात चपला घालत होती.

"डॉक्टरांची सही झालीय," बाप म्हणाला. "मूळची हट्टी आहे पोरगी, दुसरं काही नाही. थोरलीचं लग्न जमत आलंय, सिस्टर. ही इथं आहे हे कळलं तर कोण उंबरा चढेल आमचा?"

"माझी सही राहिलीय. ती मी करणार नाही. डॉक्टर आमचे दोन्ही कागद वाचतील, मग बघू."

"तुम्ही कोण ठरवणार?" बापाचा आवाज चढला. समाजसेविका त्याच्या आणि खाटेच्या मध्ये जाऊन उभी राहिली. आसपासच्या खाटांवरच्या मुलांच्या आया गोळा झाल्या.

एवढी अनोळखी माणसं बघून मुलगी सरळ बसली. मनगटाला मनगट लावून तिने दोन्ही हात आईपुढे धरले.

"पाहुणे आलेत ना?"

आठ दिवसांतले ते पहिले शब्द. आई मटकन खाली बसली. "मीच बांधत होते हो. कुणी आलं की तेवढ्यापुरतं."

बापाने पिशवी खाली ठेवली.

एका लेकीचं जमावं म्हणून दुसरीला बांधायचं, हे घरच्यांचं पाप. वळांचा दोष तिच्याच नखांवर ढकलला, तो मात्र आपण, हे सिस्टरला लख्ख दिसलं. तिने आपली ओळ खोडली, खरं काय ते लिहिलं आणि पेन समाजसेविकेपुढे केलं. "इथंच करा सही. याच कागदावर."

सह्या झाल्या तेव्हा तिने वर पाहिलं. मुलीचे हात अजून तसेच पुढे होते. ते खाली घे, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.